फ्रीज २

सहकारी बँकेत तेहतीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाला तरी तक्ता सोडत नाही. आमच्या घरी फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा मी सात कंपन्यांची अकरा रकान्यांत तुलना केली होती. लिटर, तारे, कॉम्प्रेसरची हमी, भाजीच्या खणाची खोली, दार कुठल्या हाताला उघडतं, सगळं. तक्ता पुरा होईस्तोवर जुना फ्रीज बंद पडला, उन्हाळा सरला आणि हिने कोपऱ्यावरच्या दुकानात जो उभा होता तो उचलून आणला. माझ्या सातांत तो नव्हताच. तक्ता मात्र अजून जपून ठेवलाय, संगणकावरच्या ‘घरखर्च’ या शीटमध्ये, ‘फ्रीज’ या पानावर. हे शीट आम्हा तिघांचं सामाईक: मी, ही आणि बंगळुरूला असलेला मुलगा.

मागच्या वर्षी त्याच शीटमध्ये मी आणखी एक पान उघडलं आणि त्याला ‘फ्रीज २’ असं नाव दिलं. त्यात फ्रीज नव्हते. थंडपणाशी संबंध होता, पण तो वेगळ्या प्रकारचा.

आता सांगायलाच बसलोय तर बँकेच्या भाषेत सांगतो, मला तीच येते. खातेदाराने दोन वर्षं काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. आमचं खातं त्या थराला गेलेलं नव्हतं. खातेदारांची इच्छा होती, पासबुक जागेवर होतं, चेक लिहिला जायचा, सहीसुद्धा व्हायची. फक्त ऐनवेळी तो वटायचा नाही. पहिल्यांदा वटला नाही तेव्हा आम्ही ते दमणुकीवर ढकललं. दुसऱ्यांदा उकाड्यावर. तिसऱ्यांदा ही नुसतं म्हणाली, “राहू दे हो, उद्या पाणी पाचला येणारे,” आणि कूस बदलून झोपली. त्या वाक्यात एवढा समजूतदारपणा होता की मी रात्रभर छताकडे बघत पडलो.

माझं वय तेव्हा सत्तावन्न होतं. अशा वेळी शहाणा माणूस डॉक्टरकडे जातो. मी अभ्यासाला लागलो.

या विषयातलं माझं प्राथमिक शिक्षण मध्य रेल्वेवर झालेलं. डोंबिवलीहून तेहतीस वर्षं लोकलने जाताना रुळाकडेच्या भिंतींवर जे जे रंगवलेलं असायचं ते मी वाचलेलं होतं; खिडकीत बसायला मिळालं की तेवढंच वाचन. हायवेच्या कडेला तंबू ठोकून काचेच्या बरण्यांत मुळ्या मांडून बसलेले खानदानी वैद्यही पाहिले होते. तंबूवर घोड्याचं चित्र हमखास. त्याचं कारण मला या अभ्यासात कळलं. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचं नावच वाजीकरण आहे आणि वाजी म्हणजे घोडा. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेला माणूस. घोड्याशी माझा संबंध लग्नाच्या वरातीपुरता आला, तेव्हाही तोच माझ्याहून शांत होता.

सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राने, मी काही विचारलेलं नसताना, एक पुडी हातात ठेवली. “शंभर टक्के नैसर्गिक. तासाभरात बघ.” इथे माझ्यातला ऑडिटर जागा झाला. मुळ्या तासाभरात काम करत नाहीत. शोधलं, तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ‘नैसर्गिक’ मालात न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राचंच औषध, पुन्हापुन्हा पकडलेलं निघालं. म्हणजे गोळीच घ्यायची, फक्त ती किती घेतोय हे कळू द्यायचं नाही. पुडी कुंडीत ओतली. गुलाबावर परिणाम दिसला नाही. पण कापलेल्या फुलांच्या पाण्यात अगदी थोडं सिल्डेनाफिल टाकलं की फुलं जास्त दिवस ताठ राहतात, हे संशोधकांनी खरंच करून पाहिलेलं आहे.

तर तक्ता. चार रांगा झाल्या: सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल. चार सख्ख्या बहिणींची नावं असावीत तशी. रकाने असे: किती वेळात लागू, किती वेळ टिकते, जेवणाशी वाकडं आहे का, त्रास काय, किंमत. शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना मी सवयीने ठेवला आणि रिकामा सोडला.

चौघींचं काम एकच. मन तयार झालं की त्या भागातल्या नसा नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्यातून पुढे एक रसायन तयार होतं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं आणि रक्त आत येतं. शरीरातच एक विकर असतं जे हे रसायन मोडून टाकतं. गोळी त्या विकराला धरून ठेवते. आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर नळ आपणच सोडायचा, गोळी फक्त मोरीला बोळा लावते. नळ सोडलाच नाही तर बोळा लावून बादली भरत नाही. मनात काही नसेल तर गोळी गप्प बसते. हे मी तक्त्याच्या खाली ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं आणि पुढे विसरलो.

सिल्डेनाफिल ही थोरली. तिचा जन्म इंग्लंडात, केंट परगण्यातल्या सँडविच या गावी फायझरच्या प्रयोगशाळेत झाला, आणि तोही छातीदुखीवर औषध शोधताना. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या मर्थर टिडफिल या जुन्या खाणींच्या गावात चाचण्या झाल्या. छातीवर फारसा गुण येईना. पण स्वयंसेवक लाजत लाजत दुसरंच काही सांगू लागले. उरलेल्या गोळ्या परत द्यायला ते तयार नव्हते, असंही सांगतात. २७ मार्च १९९८ला अमेरिकेत व्हायग्रा या नावाने तिला परवानगी मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडचं हे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल मिळालं. पुढे पेलेने या विषयावर बोला म्हणून जाहिरात केली. ज्याने जगभरचे गोलरक्षक थकवले तो बोलतो, आणि मी शीटला ‘फ्रीज २’ नाव देतो.

थोरली उपाशीपोटी अर्ध्या ते एका तासात लागू पडते आणि चार-पाच तास टिकते. व्हार्डेनाफिल २००३ची, जवळजवळ तशीच, आपल्याकडे कमी दिसते. टाडालाफिलही २००३चीच, पण स्वभाव निराळा: जेवणाशी भांडण नाही आणि असर छत्तीस तासांपर्यंत. अव्हानाफिल सगळ्यांत धाकटी, २०१२ची. पंधरा ते तीस मिनिटांत तयार. धाकटी आणि महागडी.

तक्ता करताना मला एका माणसाविषयी फार जिव्हाळा वाटू लागला. गाइल्स ब्रिंडली नावाचे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ. गोळ्या यायच्या पंधरा वर्षं आधी, १९८३ साली, लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. ब्रिंडलींना इंजेक्शनने हा प्रश्न सुटतो हे सिद्ध करायचं होतं. त्यांनी हॉटेलच्या खोलीतच स्वतःला इंजेक्शन घेतलं, सैल विजार घालून व्याख्यानाला आले, स्लाइड दाखवल्या आणि मग, स्लाइडवर कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून, भर सभेत विजार खाली केली. एवढ्यावर थांबले नाहीत. श्रोत्यांना जवळून खात्री करून घेता यावी म्हणून खाली उतरून पहिल्या रांगेकडे चालू लागले. साधारण माझ्याच वयाचे होते. त्यांनी पुरावा सभेपुढे नेला, आणि मला मेडिकलवाल्यापुढे तोंड उघडवत नव्हतं.

ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा कायदा आहे, पाकिटावर लाल रेघ असते. कागदपत्र अपुरं ठेवून मी आयुष्यात कुठल्या खिडकीवर गेलेलो नाही. तीन दिवस घालवून मी चिठ्ठी का नाही याची एक सविस्तर हकिगत रचली आणि डोंबिवली टाळून ठाण्याला गेलो. गर्दी होती. मी कुजबुजलो. मेडिकलवाल्याने हकिगत ऐकूनच घेतली नाही. “सुहाग्रा देऊ, पेनेग्रा देऊ, का मॅनफोर्स?” मला या नावांचा रकानाच नव्हता. मी म्हटलं, “कुठलीही.” “पन्नास का शंभर?” म्हणून त्याने विचारलं, तर मी पाकिटात हात घालून शंभराची नोट काढली. “काका, मिलिग्रॅम.” मी घाईने पन्नास म्हटलं. माळ्यावरच्या पोराला हाक गेली, “सिल्डेनाफिल पन्नास टाक रेऽ!” मी कान बंद करून उभा राहिलो. कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत होतो. मागच्या गृहस्थाने खाली मान घालून एवढंच म्हटलं, “मलाही तेच.”

मुहूर्त लग्नाच्या एकतिसाव्या वाढदिवसाचा ठरला. ठरला म्हणजे मी ठरवला. हिला यातलं काहीच माहीत नव्हतं. हिने प्रेमाने श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी आणि कांदाभजी केली. ‘जेवणाशी वाकडं’ या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की तेलातुपाच्या जेवणावर थोरली तासभर उशिरा पोचते. पण वाढणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? सहा पुऱ्या खाल्ल्या. दहा वाजता न्हाणीघरात जाऊन गोळी गिळली आणि पलंगावर येऊन घड्याळ बघत बसलो.

पावणेअकरा. ही विरजण लावत होती. अकरा. माझ्या आईच्या पायाला तेल चोळत होती. साडेअकराला आली, म्हणाली, “आज जागे कसे?” मी सूचक हसलो. ती म्हणाली, “ढेकर येतेय का?” आणि दिवा मालवून पाच मिनिटांत घोरायला लागली.

गोळी बाराच्या सुमारास आली, पण भलत्याच दारातून. आधी कान तापले. मग तोंड लालबुंद. मग नाक असं चोंदलं की एक नाकपुडी उघडी म्हणून शपथेला उरली नाही. कपाळावर कुणीतरी वरवंटा ठेवला. उठून दिवा लावला तर ट्यूबलाइट निळसर दिसायला लागली. डोळ्यांच्या पडद्यात या विकराचा एक भाऊ असतो आणि गोळी त्यालाही थोडं धरते, हे तक्त्यात होतं. नंतर छातीत जळजळ सुरू झाली. ती गोळीची का भज्यांची हे तक्ता सांगू शकत नव्हता. मी पलंगाच्या कडेला छातीवर हात ठेवून तोंडाने श्वास घेत बसलो, आणि तेवढ्यात हिला जाग आली.

बायकोला त्या क्षणी काय दिसलं असेल ते बघा. लाल तोंड, घाम, छातीवर हात, उघडं तोंड. “अहो! काय होतंय?” म्हणत ती उठली आणि माझं उत्तर यायच्या आत देवघराकडे धावली. तिथे गणपतीच्या मागे आईच्या सॉर्बिट्रेटची डबी असते. आईला छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची.

इथे हसू येत असेल तर जरा थांबा. सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट. तेही शरीरात नायट्रिक ऑक्साइडच सोडतं. म्हणजे सगळ्या घराचे नळ एकदम सोडणं. आणि मी मोरीला बोळा लावून बसलेलो. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तदाब असा कोसळतो की माणूस जाऊ शकतो. थोरली घेतल्यावर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट चालत नाही. चारही रांगांत ही एकच नोंद मी तांबड्या रंगाने केली होती. (नायट्रोग्लिसरीनवर गडगंज झालेल्या अल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी डॉक्टरांनी छातीसाठी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं. हे मला नेमकं त्या क्षणी आठवलं. माणसाचं डोकं कुठल्या वेळेला काय पुरवेल सांगता येत नाही.)

“आ करा. जीभ वर.” ती गोळी घेऊन समोर उभी. मी तोंड घट्ट मिटलं. पण नाक चोंदलेलं! बंद तोंडाने मी पंधरा सेकंद काढली असतील. मी मान हलवतोय, ती माझा जबडा धरतेय, मी तिचं मनगट धरतोय. लग्नाच्या एकतिसाव्या वाढदिवसाला इतकी झटापट अपेक्षितच होती, पण अशी नव्हे. अखेर श्वास संपला आणि तोंड उघडताना त्यातून जे बाहेर पडलं ते एका दमात पडलं: “नको-मी-व्हायग्रा-घेतलीये!”

पलीकडच्या खोलीत आईची खाट करकरली.

हिने हातातल्या गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गोळी डबीत ठेवली, डबी गणपतीमागे ठेवली, थंड दूध आणि अमृतांजन घेऊन आली. “आणि मला कधी सांगणार होतात?” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, “सरप्राइज.” त्यावर ती काही बोलली नाही. रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने माझ्या दंडाला पट्टा बांधून आकडे वहीत उतरवत राहिली. वाढदिवसाची रात्र तिने माझा हात हातात घेऊन जागून काढली, असं कुणाला सांगितलं तर ते खोटं ठरणार नाही. गोळी आपलं काम करायला तयार असावी. दुसरं कुणीच नव्हतं.

सकाळी आईने विचारलं, “रात्री गोळीचा काय घोळ झाला रे?”

“चुकीची घेतली होती.”

“डबीवर नाव लिहीत जा. मी तुझ्या बाबांना हेच सांगायची.”

बाबांच्या कुठल्या डबीबद्दल, ते विचारायचं धाडस झालं नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलाच्या वयाच्या. ही बरोबर आली, मी नको म्हणत असताना. बाईंनी आधी मला झापलं: छातीत काही वाटलं तर घरगुती दूध-बीध नाही, थेट दवाखाना, आणि तिथे पहिलं वाक्य हे की मी अमुक गोळी घेतली आहे. मग त्यांनी प्रश्न विचारले. सिगारेट? दारू? ब्लडप्रेशरची कुठली गोळी चालू आहे? लघवीसाठी काही घेता? कारण प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही ही गोळी जपून घ्यावी लागते. मग तितक्याच सहज, “सकाळी जाग येताना असतो का ताठरपणा?” मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. उत्तर हिने दिलं. महिन्यासकट.

पुढे बाईंनी कागदावर दोन नळ्या काढल्या. “ही हृदयाची, तीन-चार मिलिमीटरची. ही खालची, एक-दोन मिलिमीटरची. गाळ धरायला लागला तर आधी कुठली तुंबेल?” डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला पाइपलाइन समजावून सांगावी लागत नाही. खालची तक्रार ही कधीकधी वरच्या संकटाची, काही वर्षं आधी आलेली नोटीस असते. मी सहा महिने ती नोटीस फ्रीजच्या पानाखाली दाबून ठेवली होती. तपासण्या झाल्या. ट्रेडमिलवर उघड्या छातीने धापा टाकत धावून दाखवलं, हृदय पास झालं. साखर नापास. तीन महिन्यांची सरासरी ८.१. श्रीखंड त्या दिवशी घरातून गेलं ते अजून परतलेलं नाही.

महिन्याभराने बाईंनी रीतसर चिठ्ठी दिली. टाडालाफिल, दहा मिलिग्रॅम. घाई नाही, जेवणाचं बंधन नाही, छत्तीस तासांचा अवधी. म्हणजे हिच्या विरजणालाही वेळ आणि आईच्या पायांनाही. या वेळी हिला सांगून, हिच्यासमोर, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता घेतली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो वगैरे. सात वाजता दारावरची बेल वाजली.

हिचा भाऊ. बायको, दोन मुलं, तीन बॅगा आणि आंब्याची पेटी. “ताई, कल्याणला लग्न आहे, म्हटलं तुझ्याकडेच उतरू!” बेडरूम त्यांना दिली. मी हॉलमध्ये, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला मेहुण्याचा धाकटा, जो झोपेत लाथा मारतो. रविवारी दुपारी माझी कंबर धरली. टाडालाफिलचा तो एक ठरलेला त्रास आहे, साधारण बारा ते चोवीस तासांनी पाठ-कंबर दुखते. ही माझ्या कंबरेला महानारायण तेल चोळत होती आणि मेहुण्याची बायको जवळ बसून तिला समजावत होती, “भाऊजींना या वयात ओझी उचलू देऊ नका हं.” सोमवारी पहाटे सहाला छत्तीस तास संपले. सातला पाहुण्यांची टॅक्सी आली.

त्याच रात्री मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आजीची चौकशी झाली. मग तो जरा घुटमळला.

“बाबा, तुम्ही… नवा फ्रीज बघताय का?”

माझ्या हातापायांतलं रक्त एकदम दुसरीकडे गेलं, गोळीशिवाय.

“असंच. तुलना.”

“घ्या ना मग. चांगल्यातला घ्या. पैसे मी पाठवतो.” आणि ठेवला.

मी धावत संगणकाशी गेलो. पान पुसून टाकायचं या इराद्याने ‘फ्रीज २’ उघडलं. ‘शेरा’ हा शेवटचा रकाना, जो मी रिकामा सोडला होता, तो भरलेला होता. भाजीच्या हिशेबात असते तशीच भाषा.

सिल्डेनाफिलपुढे: ‘पुऱ्या केल्या तर नको. आधी सांगणे.’

व्हार्डेनाफिलपुढे: ‘पहिलीसारखीच दिसते. कशाला?’

टाडालाफिलपुढे: ‘चांगली. भावाला आधी फोन करून विचारणे.’

अव्हानाफिलपुढे: ‘महाग. पण पाहुणे यायच्या आत होईल.’